डोळे बांधून ऐकलेला आवाज

माझ्या कानांचा मला फार गर्व होता, आणि तो अगदीच फुकटचा नव्हता. आरमोरीत आमची धानाची मिल आहे. वडिलांनी टाकली, मी चालवतो. धानाची साल काढणाऱ्या मशीनला आम्ही शेलर म्हणतो. तिच्यात रबराचे दोन रोल एकमेकांना जवळजवळ चिकटून फिरतात. ते जास्त आवळले तर तांदूळ तुटून कनकी होते, सैल सोडले तर धान सालासकट खाली येतं. बाकीचे मिलवाले मूठभर तांदूळ तळहातावर घेतात, फुंकर मारतात, आणि मग रोलांचं काय करायचं ते ठरवतात. मी दारातून आत येता येताच हाताने खूण करायचो, थोडा सैल सोड. शेतकरी बघत राहायचे. एकाने तर माझ्यादेखत दुसऱ्याला सांगितलं होतं, "भाऊले मशीन सोताहून सांगते." असलं काही कानावर पडलं की दिवसभर माझी मान ताठ असायची.

असा माणूस हेडफोनच्या नादी लागल्यावर दुसरं काय होणार?

हा नाद मला लावला आमच्या सरांनी. सर जवळच्याच एका कॉलेजात फिजिक्स शिकवतात. घरची धानाची शेती आहे, त्यामुळे धान घेऊन मिलवर यायचे, ओळख तिथली. वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान, पण शिकवतात म्हणून मी त्यांना सर म्हणतो आणि ते मला भाऊ म्हणतात. एकदा धान भरडून होईपर्यंत ते बाकावर बसले होते. कानाला मोठा हेडफोन, आणि हेडफोनच्या वायरीच्या टोकाला, फोनच्या अलीकडे, आगपेटीपेक्षा लहान एक डबी. मी खुणेने विचारलं, हे काय? त्यांनी हेडफोन काढून माझ्याच डोक्याला लावला. बासरी वाजत होती. मी तिथेच, कोंड्याच्या पोत्यावर बसलो.

ती डबी म्हणजे डॅक. आताच्या फोनांना हेडफोनची पिन खुपसायला जागाच ठेवत नाहीत. फोनमध्ये गाणं असतं ते नुसत्या आकड्यांच्या रूपात. ही डबी त्या आकड्यांचं विजेच्या लहरींत रूपांतर करते आणि हेडफोनला ढकलता येईल इतका जोर त्यांना देते. काम एवढंच. पण बाजारात पाहायला जाल तर साध्या प्लास्टिकच्या डबीपासून ते मखमली पिशवीत येणाऱ्या, धातूच्या, थंडगार अंगाच्या, काचेच्या खिडकीतून निळा दिवा दाखवणाऱ्या डबीपर्यंत शंभर तऱ्हा आहेत. आणि प्रत्येकीबद्दल इंटरनेटवर पोथ्या लिहिलेल्या. अमकीचा आवाज ऊबदार, तमकीचा हवेशीर. एकीत वाद्यं मोकळी बसलेली वाटतात, दुसरीत एकमेकांच्या मांडीवर. आमचे सरही असल्या एका ग्रुपवर लिहायचे, आणि छान लिहायचे. मीही लवकरच ती भाषा शिकलो. तांदूळ पारखायला जशी भाषा लागते, लुसलुशीत, खडा, जुना, तशी इथेही लागते, फक्त इथल्या शब्दाला पुरावा मागायला कोणी येत नाही.

मिल बंद असेल त्या दिवशी दुपारी सर यायचे. मिलला लागूनच आमचं घर आहे, वरच्या खोलीत आमची बैठक. टेबलावर दोन-तीन डॅक, वायरींचा गुंता, आणि आम्ही दोघं आळीपाळीने डोळे मिटून मान डोलावत. बायको चहा आणायची तेव्हा जरा वेळ उभी राहून बघायची. तिने एकदा एक डॅक ऐकून पाहिला, मग दुसरा. म्हणाली, "दोन्हीतून गाणंच येते ना जी?" आम्ही दोघं हसलो. अडाण्याला काय सांगावं अशा तऱ्हेचं ते हसणं होतं.

मग एक दिवस सरांची फजिती झाली. त्यांनी नवा डॅक मागवला होता, खूप दिवस वाट पाहून. आल्याबरोबर लावला, खुर्चीत रेलले, आणि सुरू झाले. "भाऊ, तबल्याची शाई दिसून राह्यली. बोट कुठी पडते ते दिसून राह्यलं." मी म्हटलं, मलाही द्या. हेडफोन घेताना वायर हाताला लागली आणि ती कुठे गेली आहे हे बघत बघत मी टेबलापर्यंत गेलो. वायर जुन्या डॅकमध्ये होती. नवा शेजारी नुसताच पडलेला, दिवाही न लागलेला. मी वायर उचलून त्यांना दाखवली. सरांचा चेहरा असा झाला की मलाच वाईट वाटलं. मग ते इतके हसले की चहाचा कप कलंडला.

त्या दिवसापासून सर बदलले. म्हणायला लागले, "कान एकटा कधीच आयकत नाई भाऊ. डोळा आयकते, हात आयकते, किंमत आयकते. सगळे मिळून ठरवतात, अन् नाव कानाचं." दोन डॅकांपैकी एकाचा आवाज रतीभर जरी मोठा असला तरी माणसाला तोच चांगला वाटतो, मोठा आहे हे लक्षातही येत नाही, हे त्यांनी मला मल्टिमीटर लावून दाखवलं. त्यांनी ग्रुपवर लिहिणं बंद केलं. मला ते पटत नव्हतं. खरं सांगायचं तर रागच येत होता. तुम्हाला ऐकू आलं नाही म्हणून कोणालाच ऐकू येत नाही हा कुठला न्याय? माझं पोट कानावर चाललं होतं. मी शेलरच्या रोलांतला केसाएवढा फरक ऐकतो आणि दोन डॅकांतला ऐकणार नाही? मी तिरीमिरीत तो धातूचा, निळ्या दिव्याचा डॅक मागवला आणि सरांना सांगितलं, हा आणि तुमची प्लास्टिकची डबी, दोन्ही समोर ठेवा, डोळे बांधून ओळखतो.

"बांधायचे का मंग?" सर म्हणाले.

"बांधा."

परीक्षेची तयारी सरांनी अगदी प्रयोगशाळेतल्यासारखी केली. आधी मल्टिमीटरने दोन्हींचा आवाज सारखा करून घेतला. मग म्हणाले, डॅक मी बदलणार, पण उत्तर मी विचारणार नाही, कारण कोणता लावलाय हे मला माहीत असणार आणि माझ्या बोलण्याच्या सुरावरून तुम्ही ओळखाल. विचारणारा असा पाहिजे की ज्याला स्वतःलाच माहीत नाही. म्हणून बायकोला बोलावलं. तिने टेबलाकडे पाठ करून माझ्यासमोर उभं राहायचं, आणि मी हेडफोन काढला की एवढंच विचारायचं, पहिला होता की दुसरा. तिला हा सगळा पोरखेळ वाटत होता, पण सरांचा मान राखून ती उभी राहिली. माझाच खांद्यावरचा दुपट्टा माझ्या डोळ्यांवर बांधला. त्याआधी सरांनी दोन्ही डॅक, पहिला धातूचा, दुसरा प्लास्टिकचा, असं सांगून ऐकवले होते. धातूच्या डॅकमधली बासरी मला स्पष्ट वेगळी वाटली, फुंकर सुद्धा ऐकू येत होती. मी मनात म्हटलं, आता बघा.

पहिली खेप झाली. गाणं थांबलं, मी हेडफोन गळ्यात उतरवला आणि वाट पाहू लागलो. कोणी काही विचारेना. खोलीत पंखा फिरत होता. खाली कोणीतरी काही पुटपुटत असावं असं वाटलं. मी थांबलो. मग माझं डोकं फिरलं. "अवो, विचारा ना आता! का झोपले सगळे?"

सरांचा हात खांद्यावर पडला. कानाजवळ येऊन ते म्हणाले, "भाऊ, वहिनी कवाच्या विचारून राह्यल्या."

मी दुपट्टा वर सरकवला. बायको माझ्यासमोर, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ उभी होती. सरांसमोर म्हणून बेताच्या आवाजात, पण नीट, तोंड माझ्याकडे करून ती म्हणाली, "पयला होता का दुसरा?" मला शब्द न शब्द ऐकू आला. स्वच्छ. मी म्हटलं, "पहिला. आधी असं बोलायचं ना." तिने सरांकडे बघितलं, सरांनी तिच्याकडे.

मी पुन्हा दुपट्टा खाली ओढला. "विचार आता."

तोंडात भाताचा घास धरून कोणी बोलावं तसं काहीतरी आलं. उंच-सखल सूर होता, बाई बोलते आहे हे कळत होतं. शब्द नव्हते.

डॅकची परीक्षा तिथेच संपली. सर फिजिक्सवाले, त्यांना राहवेना. ते तिला एकेक शब्द हळूच सुचवायचे, ती म्हणायची, मी ओळखायचं. तिने काय म्हटलं कोण जाणे, मी सांगितलं 'भाजी'. तिने दुसरं काही म्हटलं, मी म्हटलं 'बादली'. दोन्ही चुकले तेव्हा मी पंख्याला शिव्या दिल्या. पंखा बंद केला. मग म्हटलं, इतका वेळ हेडफोन लावून कान भरून गेलेत. मग म्हटलं, ही मुद्दाम हळू बोलते. सर वायरी गुंडाळत बसले. जाताना जिन्यात थांबून म्हणाले, "भाऊ, चंद्रपूरले कान दाखवून या एकदा." मी नुसती मान हलवली. 

हे माझ्या लक्षात कसं आलं नाही, असं कोणीही विचारेल. त्यासाठी मिल बघावी लागेल. शेलर, चाळण्या, पॉलिशची मशीन, पट्टे, धान वर नेणाऱ्या बादल्यांची साखळी, हे सगळं चालू असताना आत कोणी कोणाचं ऐकत नाही. आम्ही लोक ओठांवर बोलतो. मी लहानपणापासून बोलतो. वडील पलीकडच्या टोकाला उभे राहून नुसते ओठ हलवायचे आणि मला कळायचं की मोटर बंद कर, की घरी जा, की गाढवा इकडे ये. लग्न होऊन आली तेव्हा बायकोही ते शिकली. ती पुढच्या खोलीत वजनकाट्याजवळ बसायची, मधल्या काचेतून तिने ओठ हलवले की मला समजायचं कोणाचं धान आलं. मिलवाल्यांच्या घरात आवाज न करता बोलणं ही रोजची गोष्ट आहे. म्हणून ऐकणं कधी संपलं आणि बघणं कधी सुरू झालं, हे कळायला आम्हाला जागाच नसते. दुसऱ्या घरातला माणूस जेवताना दोनदा 'काय?' म्हणाला असता आणि पकडला गेला असता. मी जेवताना बायकोच्या तोंडाकडे बघत होतो. लोक म्हणायचे, या वयात अजून किती बघतो बायकोकडे.

एकेक गोष्ट मग आठवायला लागली. आमची मुलगी हैदराबादला नोकरी करते. ती फोन करते तो नेहमी चेहरा दिसणारा. मला वाटायचं, पोरीची माया आहे, बापाला बघितल्याशिवाय करमत नाही. साधा फोन आला की मी म्हणायचो, नेटवर्क नाही, आणि फोन बायकोच्या हाती द्यायचो. आमच्याकडे नेटवर्कला दोष दिला की कोणी उलटतपासणी करत नाही. मी बायकोला विचारलं, पोरगी नेहमी व्हिडिओच का करते? ती म्हणाली, "मीनंच सांगतलं तिले. तुमाले सोपं पडते."

"म्हंजे तुले मालूम होतं?"

"सगळ्याइले मालूम आहे."

"मले काऊन नाई सांगतलं?"

ती भाजी निवडत होती. मान वर करून, माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "तुमाले कोण सांगन जी? तुमाले तं मशीन सोताहून सांगते."

मी चिडलो नाही. चिडायला तोंडच नव्हतं. पण शेलरचं कोडं राहिलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मिल चालू असताना मी दारात उभा राहिलो आणि डोळे मिटले. रोल कसे आहेत ते तरीही कळलं. मग खांबावर टेकवलेला हात काढून घेतला, पायातल्या चपला काढून पोत्यावर उभा राहिलो. कळेना. जमिनीतून, खांबातून, तळपायातून जे येत होतं, त्यालाच मी इतकी वर्षं माझा कान समजत होतो. हमाल माझ्याकडे बघत होता, मालक पोत्यावर डोळे मिटून का उभे आहेत म्हणून.

यानंतर मला एक खोड लागली. घरात बायको बोलत असली की मी मध्येच डोळे मिटायचो. मिटले की शब्द विरून जायचे, उघडले की परत यायचे, तिच्या आवाजासकट. हे आवाजासकट येणं मला छळायला लागलं. कारण डोळे उघडे असले की मला नुसते शब्द कळत नव्हते, तिचा आवाज ऐकू यायचा. गोड, भरलेला, जरा नाकातून येणारा, मूल या तिच्या माहेरगावचा हेल असलेला. लग्नात पहिल्यांदा ऐकला होता तसाच. आता कानातून तर चिंध्याच आत येत होत्या. मग हा आवाज कुठून येत होता? सरांची वायर जुन्या डॅकमध्ये होती आणि त्यांना नव्याचा तबला ऐकू येत होता. माझी वायर कशात होती? ओठ डोळ्यांनी द्यायचे, सूर थोडाफार कानाने, आणि उरलेलं सगळं मी पदरचं घालत होतो. मला भीती वाटली. बहिरेपणाची नव्हे, त्याची मिलवाल्याला काय एवढी. मला एवढंच कळायला हवं होतं की जिच्यासोबत जन्म काढला तिचा आवाज मी ऐकतो आहे की माझ्याच डोक्यातला.

"डोये काऊन मिटता जी सारखे सारखे?" तिने एकदा विचारलं. "चक्कर येते का?"

"चंद्रपूरले जाऊ," मी म्हटलं.

गडचिरोली, मूल, आणि पुढे जंगलातून बस. ती खिडकीशी बसली होती. मूल गाव आलं तेव्हा बाहेर बोट दाखवून काहीतरी बोलली, तोंड खिडकीकडे होतं. मी विचारलं नाही काय म्हणाली ते. पूर्वी मी असल्या वेळी 'हो' म्हणायचो. त्या दिवशी म्हणालो नाही, आणि तिनेही वळून पाहिलं नाही. अशी वाऱ्यावर गेलेली वाक्यं किती असतील, असं मनात आलं.

कान तपासणारी मुलगी आमच्या पोरीच्याच वयाची होती. नागपूरकडची असावी, स्वच्छ पुस्तकी बोलायची. तिने मला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, हेडफोन लावला, हातात बटण दिलं. बारीक आवाज आला की दाबायचं. मी दाबत गेलो. काही वेळाने ती दार उघडून आत आली. "काका, आवाज नव्हता तेव्हाही तुम्ही दाबताय." मला शपथेवर ऐकू आला होता. ठेका कळला होता ना, आता येणार असं वाटलं की यायचाच. ती म्हणाली, "अंदाज नका करू. फक्त ऐका." इतकं अवघड काम मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

कागदावर रेघ निघाली. जाड आवाजांपर्यंत बरी, मग उतरणीला लागलेली, आणि बारीक आवाजांपाशी तळाला. तिने समजावलं की माणसाच्या बोलण्यातली स, श, त, फ असली टोकदार अक्षरं तिथेच असतात, म्हणून बोलतात हे कळतं आणि काय बोलतात हे कळत नाही. मी विचारलं, मग डोळे उघडे असताना? ती म्हणाली, मेंदू भरून घेतो. इतकं सहज म्हणाली, जणू चहात साखर घालतात हे सांगते आहे.

मग तिने कानात घालायची यंत्रं काढली. दोन वेगवेगळ्या बनावटीची, दोन्ही लावून बघा, जे बरं वाटेल ते घ्या. यंत्र हातावर घेतल्यावर मला हसूच आलं. बाहेरचा आवाज घ्यायचा, त्याचे आकडे करायचे, आकड्यांचा पुन्हा आवाज करायचा, त्याला जोर द्यायचा आणि कानात सोडायचा. डॅकच की हा, चवळीच्या दाण्याएवढा. इथे मात्र मी सरांचा चेला झालो. मी तिला सांगितलं, बाई, दोन्हींचा आवाज आधी सारखा करा, मोठा असतो तो चांगला वाटतो. कोणतं लावलं ते मला सांगू नका. मी डोळे मिटतो, माझी बायको बोलेल. ती मुलगी हसली, पण तिने सगळं तसंच केलं.

मी डोळे मिटले. पहिलं यंत्र. "काय बोलू मी?" बायकोचा आवाज आला. शब्द कळले! डोळे मिटलेले असताना कळले. मऊ, गोल, जरा दुरून आल्यासारखा, पण तोच आवाज, मला ठाऊक असलेला. माझा जीव भांड्यात पडला. तोच होता. मी इतके दिवस उगाच घाबरत होतो. मी बोट वर केलं, हे चांगलं.

मुलीने यंत्र बदललं. "परतीची बस भेटन ना आपल्याले? उशीर तं नाई होणार?" हे दुसऱ्यातून आलं. सगळी अक्षरं टोकदार, वेगवेगळी, अगदी जवळून. पण आवाजात खरखर होती. प्रत्येक शब्दाच्या बुडाशी भुसा अडकल्यासारखा. वाक्याच्या शेवटी आवाज फाटत होता, आणि मध्येच हवा निसटल्यासारखा नाहीसा होत होता. जन्म मशिनींत गेला आहे माझा. खरखर ऐकली की माझं निदान ठरलेलं असतं.

"हे मशीन खराब आहे," मी डोळे न उघडता म्हटलं. "घासून राह्यलं कुठंतरी. स्पीकर फाटला असन. पयलं द्या."

 मग ती मुलगी म्हणाली, जरा अडखळत, "काका, मशीन चांगलं आहे. पहिल्यात बारीक आवाज मी कमी ठेवले होते, सवय व्हावी म्हणून. यात सगळं आहे." आणि तिने स्वतः बोलून दाखवलं, माझं नाव, गाव, आजचा वार. तिच्या आवाजात खरखर नव्हती. काचेसारखा स्वच्छ आवाज होता तिचा.

 डोळे उघडायची हिंमत होईना.

"माहा आवाजच तसा झाला जी," बायको म्हणाली. तोच फाटका आवाज, आता अगदी कानाशी. "लय वर्षं झाले. घसा बसला तो बसलाच. तुमच्यासंगं जोरात बोलू बोलू."

 मी हात पुढे केला, तो तिच्या हाताला लागला. बोटं थंड होती. मी म्हटलं, हेच द्या. मुलीने विचारलं, नक्की ना काका, सुरुवातीला टोचेल. मी म्हटलं, टोचू द्या.

ती मुलगी काहीतरी आवरायला बाहेर गेली. आम्ही दोघंच उरलो. बायकोने माझा हात सोडला नव्हता, आणि थोड्या वेळाने, तोंड माझ्याकडे आहे की दुसरीकडे ते मला ठाऊक नाही, ती म्हणाली, "मंग आता मी हळू बोलली तं चालन?"